इको नॉर्मल असूनही व्हेंटिलेटर का सुटत नाही

‘इको (हृदयाची सोनोग्राफी) साठ टक्के म्हणजे हृदय ठणठणीत. व्हेंटिलेटर सुटत नाही तो फुप्फुसांमुळे, नाहीतर सवयीमुळे. हृदयाचं कारण सांगून लघवीचं औषध सुरू केलं, की समजा मुक्काम लांबवताहेत.’ अशा आशयाचा संदेश फिरतो आहे. त्यावर विसंबून उपचार नाकारले तर नुकसान रुग्णाचंच.

‘साठ टक्के म्हणजे ठणठणीत.’ हा आकडा इजेक्शन फ्रॅक्शनचा. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला किती बाहेर पडतं, एवढंच तो सांगतो. कप्पा सैल होऊन नीट भरतो का, हे त्यात येत नाही. वर्षानुवर्षं बीपी असलेल्यांचा कप्पा बऱ्याचदा जाड आणि ताठ होतो. आकुंचन उत्तम, पण भरताना आतला दाब चढतो. रिपोर्टात ‘ई बाय ई-प्राइम’ ही ओळ शोधा; सरासरी १४ च्या वर असेल तर तसा दाब असण्याची शक्यता मोठी.

‘मशीनवर बरा होता, काढतानाच हृदय कसं बिघडलं?’ नेमकं तेव्हाच बिघडतं. व्हेंटिलेटर हवा दाबाने आत ढकलतो. त्या दाबामुळे हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि डाव्या कप्प्याला रक्त फेकणं सोपं जातं. म्हणजे मशीन हृदयालाही हात देत असतं. मशीन सोडवण्याच्या चाचणीत, म्हणजे टी-पीसवर (नळीला फक्त ऑक्सिजन, मशीनचा दाब नाही), रुग्ण स्वतः श्वास ओढू लागला, की छातीतला दाब उणे होतो. रक्त जास्त परततं, कप्प्यावरचा भार वाढतो, ताणाने बीपी आणि नाडी चढते. नाडी चढली की भरायला वेळ कमी, आणि ताठ कप्प्याला तेच सोसत नाही. दाब मागे फुप्फुसांवर येतो, पाणी झिरपतं. फ्रान्समध्ये लमेर आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट फुप्फुसविकार) १५ रुग्णांत हे मोजलं. मशीनविना श्वास घेताना वेज प्रेशर (फुप्फुसांवर मागे येणाऱ्या या दाबाचं माप) सरासरी सुमारे ८ वरून २५ मिमी पाऱ्यापर्यंत गेलं.

‘दम लागला म्हणजे फुप्फुसच.’ कारण फुप्फुस असो वा हृदय, चित्र सारखंच दिसतं: मिनिटाला ३५ च्या वर श्वास, ऑक्सिजन ९० च्या खाली, घाम, तगमग. म्हणून चाचणीआधी आणि चाचणी फसत असताना, अशा दोन्ही वेळच्या तपासण्यांची तुलना हवी. मशीनवर आरामात असतानाचा एकच इको पुरत नाही. फुप्फुसांच्या सोनोग्राफीत बी-रेषा (पाणी झिरपल्याची खूण असलेल्या उभ्या पांढऱ्या रेषा) वाढल्या, किंवा रक्त न देताच हिमोग्लोबिन ५–६ टक्क्यांनी वर गेलं, तर रक्तातलं पाणी फुप्फुसात उतरल्याची दाट शंका घ्यावी. ईसीजीही काढावा, ताणाखाली हृदयाला रक्त कमी पडत असेल तर उपाय वेगळा.

‘लघवीचं औषध कशाला?’ सलाइन आणि औषधांतून साठलेलं जादा पाणी काढायला. २०१२ च्या ३०४ रुग्णांच्या अभ्यासात बीएनपी (हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारा घटक) पाहून फ्युरोसेमाइड हे लघवीचं औषध दिलेल्या गटाची श्वासाची नळी सुमारे ५९ ऐवजी ४२ तासांत निघाली. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा) मात्र पाहत राहावं लागतं. चाचणीत बीपीच उसळत असेल तर नायट्रोग्लिसरिनचा (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) जास्त उपयोग.

‘सवय’ लागत नाही. मशीनवर पूर्ण विसावलेलं श्वासपटल (छातीखालचा श्वासाचा मुख्य स्नायू) मात्र दोन-तीन दिवसांतही बारीक होऊ लागतं. म्हणूनच स्थिती जुळताच रोज चाचणी घेतात, ३० मिनिटं ते २ तास. नळी निघाल्यावर हृदयाचा धोका असलेल्याला बायपॅपचा (नळीविना दाबाने हवा देणारं यंत्र) मास्क लगेच लावावा, दम लागेपर्यंत थांबू नये.