आमची हद्द, तुमची वाळू

मी शाळेत भूगोल शिकवतो, एवढ्या एका गुन्ह्यावरून माझी नेमणूक झाली. आदेशात 'तज्ज्ञ प्रशिक्षक' असं लिहिलं होतं आणि खाली ती नेहमीची ओळ: कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही. विषय होता, जनगणनेसाठी गावांच्या आणि शहराच्या हद्दी नकाशावर अद्ययावत करणे. श्रोते म्हणजे तालुक्यातले तलाठी, ग्रामसेवक आणि नगरपरिषदेचे दोन लिपिक. (शासनाने 2024 मध्ये तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी केला आणि ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी. चहावाला अजून दोघांनाही भाऊसाहेबच म्हणतो.)

सुरुवात बरी झाली. शेवटची जनगणना 2011 ची, 2021 ची करोनात राहिली, आता 1 मार्च 2027 च्या शून्य तासाला देशात किती माणसं आहेत ते मोजायचं. त्याआधी घरयादी. आणि त्याच्याही आधी, 31 डिसेंबर 2025 ला सगळ्या हद्दी गोठणार होत्या. मग मोजणी होईपर्यंत नवा तालुका नाही, नवं गाव नाही, शहराची हद्दवाढ नाही. मोजता मोजता गाव सरकलं तर एक घर दोनदा मोजलं जाईल आणि एक सुटेल. हे सगळ्यांना पटलं. पटलं, कारण अजून कोणाच्याच गावाचं नाव निघालं नव्हतं.

मग मी पडद्यावर उपग्रहाचं चित्र लावलं आणि त्यावर जुन्या गावनकाशाची रेघ ठेवली. तो नकाशा इंग्रजांच्या काळात साखळी ओढून केलेला, आणि चित्र आभाळातून काढलेलं. दोघांचं जमायला हवं होतं, पण पत्रिका जुळेना. एका गावाची रेघ मारुतीच्या देवळामधून गेली. मारुती एका गावात आणि त्याचा पार दुसऱ्यात.

"सर, गाव तं आठेच शे, पन तुमना नकाशामा नही," मागून एक आप्पा अहिराणीत म्हणाले. निवृत्त कोतवाल. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण ज्यांना बोलावलं होतं त्यांनीच त्यांना जीपमध्ये घालून आणलं होतं. तालुक्यातली एकूण एक शीव आप्पांना पाठ. नकाशाला काही विचारलं की भाऊसाहेब आप्पांकडे बघायचे.

खरा बाजार उठला तो गिरणा नदीपाशी. दोन गावांची हद्द नदीच्या पात्रातून जाते. नदी मात्र गेल्या शंभर वर्षांत तिला वाटेल तशी सरकली आहे. मी विचारलं, "हे मधलं पात्र कोणाचं?"

"आमचं!" दोन्हीकडचे भाऊसाहेब एकदम म्हणाले.

मला वाटलं, वा, काय हा मातृभूमीचा जिव्हाळा! शेजारचा लिपिक माझ्या कानाशी लागला, "सर, वाळूच्या लिलावाची चर्चा चालू आहे." मग मी मुद्दाम विचारलं, "आणि रात्री तिथून जे ट्रॅक्टर वाळू चोरून नेतात, त्यांचा पंचनामा कोणाच्या हद्दीत?"

"त्यांच्या!" दोघांनी एकमेकांकडे बोट केलं. मी खडूने फळ्यावर पात्र काढून बघितलं. लिलावात ते दोन गावांचं होतं, चोरीत एकाचंही नव्हतं, आणि असं पात्र दाखवायची सोय त्या संगणकात कुठेच नव्हती.

जेवणात भरीत होतं. नोव्हेंबर महिना, हिरवी लांब वांगी, काडीवर भाजलेली, वर पातीचा कांदा आणि कळण्याच्या पुऱ्या. दुपारचं सत्र दोन वाजता ठेवणाऱ्या माणसाने खानदेशात कधी भरीत खाल्लेलं नसावं. अर्धा वर्ग झोपला आणि उरलेला झोपलेल्यांना सांभाळत बसला.

जागे राहावेत म्हणून मी शहर कशाला म्हणायचं ते काढलं. नगरपरिषद किंवा नगरपंचायत असली तर प्रश्नच नाही. नसली तरी लोकसंख्या किमान 5000, दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांतले किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या धंद्यात असले, तर जनगणना त्या गावाला शहर धरते.

एक ग्रामसेवक खडबडून जागे झाले. "सर, कापसात काही उरतच नाही. या हिशोबानं आमचं गाव शंभर टक्के शहर."

"काम धरतात भाऊसाहेब, कमाई नाही."

"मग राहू द्या," म्हणत ते पुन्हा मिटले.

माणसं नाहीत म्हणून गाव खोडायचं नसतं, हे सांगताना मात्र वर्ग गंभीर झाला. बेचिराख गावही यादीत लागतं, लोकसंख्येच्या रकान्यात शून्य घालून. त्यावरून बुडिताचा विषय निघाला आणि मी अक्कलकुव्याच्या मणिबेलीचं नाव घेतलं; ते बेचिराख नाही, पण बुडितातलं. सरदार सरोवरात महाराष्ट्राची 33 गावं सापडली, त्यातलं ते एक. नर्मदेकाठचे बरेच लोक उठून तळोद्याच्या बाजूला सपाटीवर आले, तरी जुनी नावं मागे राहतातच. घरं इकडे आणि हद्द पाण्याखाली, अशी रेघ कशी ओढायची, असा प्रश्न एका तरुण तलाठी ताईंनी विचारला. दिवसभरातला तो एकच प्रश्न वाळूचा नव्हता. मी म्हणालो, "रेघ कागदावरून ओढायची ताई, माणसं जिथे राहतात तिथे मोजायची."

उरलेला वेळ अधिसूचनेत गेला. शहराच्या कडेला एन.ए. (बिगरशेती) प्लॉट पडून पाच-सहा कॉलन्या झाल्यात. पाणी नगरपरिषदेचं, घरपट्टी ग्रामपंचायतीची आणि गटारीला वाली कोणीच नाही. लिपिक म्हणे, त्या आमच्यात धरा. मी विचारलं, हद्दवाढीची अधिसूचना आहे का? "सर, भूमिपूजन झालंय की." जनगणनेला भूमिपूजन चालत नाही, राजपत्र लागतं, हे त्यांना इतकं लागलं की चहासुद्धा त्यांनी शेजारच्याला दिला.

शेवटी 'काही शंका?' असं विचारायची पद्धत आहे, म्हणून विचारलं. दाराजवळचे एक भाऊसाहेब उठले.

"सर, 31 डिसेंबरनंतर सगळ्या हद्दी गोठणार, बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे त्यानंतर कोणी बांध कोरला तरी नकाशात काही बदलणार नाही?"

"जनगणनेच्या नकाशात बांध नसतोच, भाऊसाहेब. तिला गावाची शीव पुरते."

ते खूश झाले, खिशातून पेन काढलं आणि हजेरीपटाची मागची बाजू माझ्यासमोर सरकवली.

"मग तेवढं लेखी द्या, सर. शेजारी आमचा भाऊच आहे, पण तो ऐकत नाही."