सुचेता कृपलानींना खुर्ची नवऱ्यामुळे मिळाली?

महिला मुख्यमंत्र्यांचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरतो: देशातल्या पहिल्या महिला मुख्यमंत्री सुचेता कृपलानी या काँग्रेसचे माजी अध्यक्ष आचार्य कृपलानी यांच्या पत्नी म्हणून उत्तर प्रदेशच्या गादीवर बसल्या, कारभार आधीचे मुख्यमंत्री चंद्रभानू गुप्तांनीच हाकला आणि खुर्ची गेल्यावर बाईंचं राजकारण संपलं.

आधी नवऱ्याचं बघू. सुचेताबाईंनी शपथ घेतली २ ऑक्टोबर १९६३ ला. त्याच ऑगस्टमध्ये लोकसभेत नेहरू सरकारवर पहिलावहिला अविश्वास ठराव आला होता. मांडणारे कोण, तर आचार्य कृपलानी! ठराव ३४७ विरुद्ध ६२ मतांनी पडला. आदल्या वर्षी हेच आचार्य उत्तर मुंबईत काँग्रेसच्या कृष्ण मेनन यांच्याविरुद्ध लढून हरले होते. नेहरूंवर अविश्वास आणणाऱ्याच्या बायकोला नेहरूंच्या पक्षाने मुख्यमंत्री केलं, आणि तेही नवऱ्याच्या वशिल्याने? असला वशिला वैऱ्यालाही नको.

हां, १९५१ मध्ये नवऱ्याबरोबर त्यांनीही काँग्रेस सोडली होती. १९५२ ला किसान मजदूर प्रजा पक्षाकडून नवी दिल्लीत उभ्या राहिल्या आणि काँग्रेसच्या मनमोहिनी सहगल यांना पाडलं. पण नंतर त्या काँग्रेसमध्ये परतल्या, आचार्य नाही. १९५७ च्या लोकसभेत बायको काँग्रेसची खासदार, नवरा प्रजा समाजवादी! आणि १९४० साली काँग्रेसचा महिला विभाग उभा केला तो बाईंनीच. पुढे त्या संविधान सभेतही होत्या.

गुप्तांचा मुद्दा मात्र अर्धा खरा. कामराज योजनेत (ज्येष्ठ काँग्रेस नेत्यांनी सत्तापद सोडून पक्षकार्याला लागायचं, अशी ती योजना) गुप्तांना पद सोडावं लागलं, तेव्हा त्यांच्याच गटाने सुचेताबाईंना पुढे केलं; समोर कमलापती त्रिपाठींचा गट होता. पण गटाच्या पाठबळाशिवाय त्या काळच्या लखनौत कोण मुख्यमंत्री झालं असतं? शिवाय बाहुलं म्हणावं, तर सरकारी कर्मचाऱ्यांच्या ६२ दिवसांच्या संपाचं काय करायचं? पगारवाढीला त्यांनी ठाम नकार दिला आणि पुढारी तडजोडीला आल्याशिवाय नमल्या नाहीत. माझ्या मते हा ताठरपणा जरा अतीच होता. त्यावरून बाईंना खुशाल नावं ठेवा, पण ती त्यांनाच ठेवा, गुप्तांना नको.

राहिलं राजकारण संपल्याचं. १९६७ ला त्या गोंड्यातून लोकसभेवर निवडून आल्या आणि १९६९ च्या काँग्रेसच्या फुटीत इंदिरा गांधींबरोबर न जाता संघटना काँग्रेसमध्ये, म्हणजे इंदिराविरोधी जुन्या नेत्यांच्या गटात, राहिल्या.