खुलासा: सोरायटिक संधिवातातला लाल डोळा म्हणजे नेहमीच ‘डोळे येणे’ नव्हे

‘सोरायसिसच्या संधिवातात डोळा लाल झाला की गुलाबपाणी घाला, नाहीतर मेडिकलमधून थेंब आणा, दोन दिवसांत उतरतं,’ असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

सोरायटिक संधिवाताच्या, म्हणजे सोरायसिस या त्वचारोगासोबत येणाऱ्या संधिवाताच्या, रुग्णांनाही साधे डोळे येतात; तेव्हा चिकटा येतो, खुपतं, पण नजर सहसा स्पष्ट राहते. युव्हायटिसमध्ये, म्हणजे डोळ्याच्या मधल्या पडद्याच्या सुजेत, चिकटा नसतो. बुबुळाभोवती लाली, आत ठणका, उजेड सहन न होणं, धूसर दिसणं ही त्याची लक्षणं. सोरायटिक संधिवातात ही सूज दोन्ही डोळ्यांत, हळूहळू आणि फारशी लाली न येताही होऊ शकते, हे विशेष फसवं.

अशी लक्षणं दिसली तर त्याच दिवशी, फार तर २४ तासांत, नेत्रतज्ज्ञांकडे जा. स्लिट लॅम्पशिवाय, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या तपासणी-यंत्राशिवाय, निदान पक्कं होत नाही. उपचारात स्टेरॉइडचे थेंब असतात, सुरुवातीला अनेकदा तासातासाला. शिवाय बाहुली मोठी करणारे थेंब, नाहीतर बुबुळ मागच्या भिंगाला चिकटतं. पांढरट, गढूळ थेंबांची बाटली दरवेळी हलवा; औषध तळाशी बसतं.

मग तेच स्टेरॉइडचे थेंब स्वतःच का घालू नयेत? लाली हर्पिस विषाणूची असेल तर स्टेरॉइडने बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्यावरची जखम चिघळते, आणि डोळ्यातला दाब वाढतो तो वेगळाच.