ऋषीचं कूळ, नदीचं मूळ आणि मोटरहोमचा चॅसिस नंबर

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये, असं जुनी माणसं सांगून गेली. त्यांच्या काळी मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्या, नव्हत्या, नाहीतर तिसरं नाव नक्की आलं असतं. तेव्हा विंटेज मोटरहोम घ्यायला निघालात, तर टॉर्च घरीच ठेवा. टॉर्च दिसली की विकणाऱ्याचं मन दुखावतं.

तो म्हणेल, "अमेरिकन आहे, १९७४ची." चॅसिस नंबर सतरा अक्षरी निघाला, तर मोजत बसू नका. तिकडे असा नंबर १९८१च्या मॉडेलपासून लागू झाला खरा, पण काही गाड्या काळाच्या पुढे असतात. जीएमसी या अमेरिकन कंपनीची ती देखणी, पुढच्या चाकांवर ओढणारी मोटरहोम १९७३ ते १९७८ एवढीच बनली. तुम्हाला कोणी तिचं १९८०चं मॉडेल दाखवलं, तर ते दुर्मिळ समजून चार पैसे जास्तच द्या.

चॅसिस, म्हणजे चाकांसकट खालचा सांगाडा, एका कंपनीची आणि वरचं घर दुसरीने बांधलेलं, हा या गाड्यांचा रीतसर संसार आहे. त्यामुळे दोन प्लेटांवर दोन वेगळी सालं असू शकतात आणि दोन्ही खरी असू शकतात. कागदावर कोणतं साल चढलंय, हे कशाला विचारायचं? त्यातलं सोयीचं साल विकणाऱ्याने तुमच्यासाठी आधीच निवडलेलं असतं.

फोक्सवॅगनची बस असेल, तर श्रद्धा दुप्पट हवी. पहिल्या पिढीची बस जर्मनीत १९६७ला थांबली. ब्राझीलमध्ये ती १९७५पर्यंत बनत राहिली आणि पुढची पिढी तर २०१३पर्यंत. ब्राझीलची गाडी मुळीच वाईट नसते. फक्त तिची किंमत तेवढी जर्मन असते. तेवीस खिडक्यांची बस सगळ्यात महाग, म्हणून साध्या बसचं छप्पर कापून खिडक्या वाढवणारे कलाकारही आहेत. तुम्ही बाहेरून तेवीस मोजा. आतल्या बाजूची वेल्डिंग बघणं म्हणजे कलेचा अपमान. कारखान्याची छोटी कोडप्लेट जागेवर असली, तरी कोड उलगडू नका; गाडी मुळात मालवाहू व्हॅन होती हे कळलं, तर उगाच रात्रीची झोप उडेल.

आता ओल. बऱ्याच जुन्या मोटरहोमच्या भिंतींत लाकडी सांगाडा असतो, वरून ॲल्युमिनियम किंवा फायबरग्लास. छपरावरच्या झडपांतून, खिडक्यांच्या कडांतून, कोपऱ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपतं, आतलं लाकूड कुजतं आणि बाहेरचा पत्रा चकचकीतच राहतो. म्हणून बाथरूमजवळच्या फरशीवर टाच दाबू नका. पलंगाखालचे कप्पे उघडू नका. ओल मोजायचं यंत्र हा तर निव्वळ उद्धटपणा. छपरावर एकाच जागी ताजं सीलंट, आत एकाच भिंतीला नवा वॉलपेपर आणि नाकात झणझणणारा लिंबाचा वास, हे तिन्ही एकत्र दिसलं, तर मालक किती हौशी आहे याचं कौतुक करा.

टायरवरचा आठवडा आणि वर्ष सांगणारा कोड चार आकड्यांऐवजी तीनच आकडी असेल, तर टायर गेल्या शतकातले. विंटेजच हवं होतं ना?

गॅसच्या नळ्यांची तपासणी कधी झाली, हे पहिला चहा करताना कळेलच.

शेवटी पावती. "छप्पर नवीन", "गंज नाही", "अस्सल जर्मन" हे सगळं तो खुल्या आवाजात सांगेल आणि कागदावर फक्त "जशी आहे तशी" एवढंच लिहील. बाकीचं लिहून मागू नका. एवढ्या रंगात आलेल्या माणसाला मध्येच थांबवणं बरं दिसत नाही.