शेती शोधली म्हणजे सुख आलं?

शेतीच्या शोधावरचा तुमचा लेख आवडला, पण ‘दहा हजार वर्षांपूर्वी माणसाला शेतीचा शोध लागला आणि त्याची वणवण संपली’ हे वाक्य खटकलं. इस्रायलमधल्या गालिलच्या सरोवराकाठी ओहालो इथे २३ हजार वर्षांपूर्वीचे लोक रानटी सातू (जव) दगडावर भरडत होते. म्हणजे धान्य आधीपासून ओळखीचं होतं, नेमाने पेरणी फार नंतर आली.

आणि वणवण संपली ती कोणाची? सीरियात युफ्रेटिस नदीकाठच्या अबू हुरेरा गावातल्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांचे सांगाडे अभ्यासले गेले. त्यात, विशेषतः बायकांच्या पायाच्या अंगठ्यांची, गुडघ्यांची आणि कंबरेची हाडं झिजलेली, वाकलेली सापडली. कारण? रोज तासन् तास गुडघ्यांवर बसून, अंगठे मुडपून, पाट्यासारख्या दगडावर दाणे रगडायचे. पिठातल्या कचेने दातही झिजलेले. माझी आजी पहाटे जात्यावर बसायची. तिचे खांदे म्हातारपणी कसे दुखायचे, ते मी पाहिलंय. त्यामुळे ते वर्णन वाचताना गलबलून आलं.

दुसरं, भटकंतीकडून शेतीकडे जाणारा हा रस्ता एकेरी नव्हता. आपल्या पुणे जिल्ह्यातलं इनामगाव बघा. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे बरीच वर्षं उत्खनन केलं. सातू पिकवणारं, चौकोनी घरांचं ते नांदतं गाव होतं. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास तिथे शेती खालावली, लहान गोल झोपड्या आल्या, शिकार आणि गुरांवरची भिस्त वाढली. पाऊसमान बिघडल्यामुळे असं झालं, असं उत्खनन करणाऱ्यांचं मत होतं.

लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर त्यात इनामगाव जरूर घ्या.