घरपट्टीची पावती

सावंतवाडीच्या चुलतभावाने घरच्या ग्रुपवर परत तेच टाकलंय: भरायचं महाराष्ट्राने, खायचं यूपीने. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतल्या राज्यांच्या वाट्यातले 17.939 टक्के उत्तर प्रदेशला दिले, आपल्याला 6.317. आकडे खरे आहेत. खाली पुरवणी: "अमेरिकेत असलं चालत नाही. हो ना रे दादा?"

चालतं रे बाबा. न्यू जर्सीतही हेच रडगाणं आहे: वॉशिंग्टनला आम्ही जास्त धाडतो, परत कमी येतं. तुमच्याकडे निदान सूत्र तरी छापलेलं असतं, आणि पंधराव्या आयोगाच्या सूत्रात 45 टक्के वजन राज्य उत्पन्नात किती मागे आहे याला होतं. मग बोंब कसली?

माझ्या घराचा प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. एक तारीख आली की पोटात गोळा. मोठा वाटा शाळांना जातो, माझी मुलं कॉलेज संपवून गेली तरी. एक मित्र इन्कम टॅक्स नाही म्हणून टेक्सासला गेला, आता तिथल्या प्रॉपर्टी टॅक्सला फोनवर तासभर शिव्या घालतो. आणि तुमचा व्यवसाय कर? वर्षाचे 2500 रुपये, त्याहून जास्त घ्यायला घटनाच परवानगी देत नाही. त्यावर रडणाऱ्यांनी इकडचा एक हप्ता भरून दाखवावा.

(माझा सूर कसा लागतोय ते मला ऐकू येतंय.)

भाऊ स्वतः मात्र पेट्रोल भरायला बांदा ओलांडून गोव्यात जातो. हे त्याला सुनावणारच होतो. पण गेल्या थँक्सगिव्हिंगला मी लॅपटॉप घ्यायला पूल ओलांडून डेलावेअरला गेलो होतो, तिथे सेल्स टॅक्स नाही. घरी आणला की न्यू जर्सीचा 6.625 टक्के यूज टॅक्स रिटर्नमध्ये भरायचा असतो. त्या ओळीत मी शून्य लिहिलं. 2012 साली पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला, तेव्हापासून बाबाही स्कूटरची टाकी तिकडेच फुल करायचे. रक्तातच आहे म्हणायचं.

महाराष्ट्रात माझ्या खिशातून दरवर्षी न चुकता जातं ते एवढंच: बंद घराची घरपट्टी. शेजारच्या काकी नगरपरिषदेत भरतात आणि पावतीचा फोटो पाठवतात. पावती अजून बाबांच्या नावावर. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.

"आता तुझं नाव लावून घे रे," काकी दरवेळी लिहितात. मी अंगठा पाठवतो.