त्या हलक्या पोत्याचे पैसे कोण देणार?

सोसायटीच्या ग्रुपवरच उत्तर देणार होते, पण तिथे दोन ओळींच्या पुढे कुणी वाचत नाही. म्हणून इथे लिहितेय.

कर्नाटकातल्या कोडगूत, मडिकेरीजवळ माझ्या मैत्रिणीच्या सासरचा कॉफीचा छोटा मळा आहे. दरवर्षी मी तिच्याकडून पावडर मागवते आणि ज्यांना हवी त्यांना तिच्याच भावाने देते, मधे एक पैसा घेत नाही. आज यंदाचा भाव टाकला. लगेच उत्तर आलं, "एवढा? दुकानात निम्म्यात मिळते. आणि ते पर्यावरणबिर्यावरण सगळं मार्केटिंग असतं हो ताई." खाली पटापट अंगठे. अंगठे देणाऱ्यांत पुण्यातली वेताळ टेकडी वाचवण्यासाठी माझ्याबरोबर रस्त्यावर चाललेली माणसं होती. मला लागलं ते हे.

निम्म्यात काय मिळतं ते आधी पाकिटावर वाचा. कॉफी-चिकोरीच्या (चिकोरी म्हणजे कॉफीत मिसळतात ती एका मुळाची भाजलेली पूड) मिश्रणात 49 टक्क्यांपर्यंत चिकोरी आपल्या कायद्याला चालते. थोडी चिकोरी मलाही आवडते, पण मग भावाची तुलना करताना तेवढं तरी ध्यानात ठेवा.

तोडणीच्या दिवसांत मी तिथे होते तेव्हाची एक संध्याकाळ सांगते. बायका दिवसभर तोडलेली फळं ताडपत्रीवर ओततात, हिरवी वेचून बाजूला काढतात, मग काट्यावर वजन होतं. बहुतेक ठिकाणी किलोवर पैसे मिळतात. एका वयस्क बाईचं पोतं उचललं तेव्हाच कळलं की हलकं आहे. तिच्या वाट्याला वरच्या अंगाची, जुन्या उंबराखालची झाडं आली होती. तिथे सावली दाट, फळ उशिरा पिकतं. तिने फक्त लाल तेवढीच तोडली होती. मैत्रिणीच्या सासूबाई, ज्यांना सगळे अव्वा म्हणतात, काट्याकडे न बघता म्हणाल्या, पूर्ण दिवसाची मजुरी लिही. त्यांचा मुलगा काहीतरी पुटपुटला. त्यावर त्या म्हणाल्या, "हिरवी तोडून आणली असती तर वजन भरलं असतं. ते चाललं असतं का तुला?" कोडव भाषा मला येत नाही, मैत्रिणीने नंतर सांगितलं. पण त्या बाईचा चेहरा मला तेव्हाच कळला होता.

आता मला सांगा, त्या हलक्या पोत्याचे पैसे कुठून येणार? आकाशातून?

अरेबिकाची, म्हणजे तिथे लावतात त्या कॉफीच्या जातीची, साधारण सहा किलो फळं असतील तेव्हा एक किलो कच्चं बी हाती लागतं. भाजताना त्यातलंही वजन उडतं. म्हणजे तुमच्या पाव किलोच्या पुडीमागे पावणेदोन किलोच्या आसपास लाल फळं आहेत, आणि तीही एका फेरीत मिळत नाहीत. त्याच झाडाकडे पुन्हापुन्हा यावं लागतं, कारण फळं एकदम पिकत नाहीत. तोडलेलं फळ त्याच संध्याकाळी पल्परमधून, म्हणजे साल-गर काढणाऱ्या यंत्रातून, काढायचं, नाहीतर आंबतं. ते धुतलेलं पाणी ओढ्यात सोडलं तर खालच्या गावाचं पाणी नासतं, म्हणून यांनी खड्डे खणलेत. ओढ्यात सोडणं फुकट असतं. खड्ड्यांना मजुरी लागते.

आणि झाडं! त्या मळ्यात कॉफीवर फणस आहे, नाणा आहे, शिसव आहे, उंबर तर विचारू नका. लोकांनी ही झाडं काढून सिल्व्हर ओक लावले. सरळ वाढतो, मिरीचा वेल चढवता येतो, तोडून विकताही येतो. मी त्यांना नावं ठेवत नाही, घर चालवायचं असतं. पण जुनी सावली ठेवली की पालापाचोळा पडतो, ओल टिकते, पक्षी येतात, आणि अरेबिकाला खोडकिडा कमी धरतो. उत्पन्न मात्र थोडं कमी येतं. उंबराखालचं पोतं हलकं भरतं. ते कमी उत्पन्न त्या कुटुंबाने गिळायचं, आणि आपण पुण्यात बसून सह्याद्री वाचवा म्हणायचं? माळीण झालं, इर्शाळवाडी झाली, आपण सगळे हळहळलो. 2018 च्या ऑगस्टमध्ये कोडगूत डोंगर खाली आले, तेव्हाही हळहळलो. तोच डोंगर आहे हा, आपल्याच घाटांची दक्षिणेकडची बाजू. कावेरी तिथे उगम पावते.

हो, मान्य आहे, हे मळे मुळात इंग्रजांनी जंगल तोडूनच वाढवले आणि मजुरांच्या चाळींची अवस्था आजही अनेक ठिकाणी वाईट आहे. हेही मान्य की भाव आता चढलेत, 2025 च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पौंडाला 4 डॉलरच्या वर गेली. पण 2001 च्या सुमारास भाव तळाला गेले होते तेव्हा विचारायला कोण गेलं होतं? त्या काळातही अव्वांनी उंबर विकला नाही.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला, तर एक चांगलंही सांगते. शेजारी दोन-दोन एकरवाले आहेत, त्यांच्याकडे पल्पर नाही. ते फळ तसंच वाळवून एजंटला देत, मिळेल त्या भावात. आता त्यांची पिकलेली फळं मैत्रिणीच्या पल्परमधून निघतात, तिच्याच खळ्यावर वाळतात, आणि पैसे चांगल्या मालाचे मिळतात. खालची भाताची खाचरंही या घराने पडीक टाकली नाहीत. भातात काही सुटत नाही, पण पाणी तिथे थांबतं आणि पुत्तरीच्या, म्हणजे तिथल्या नव्या भाताच्या सणाला घरचं कणीस कापायला मिळतं. मार्चमध्ये पावसाची एक सर पडली की काही दिवसांत अख्खा उतार पांढऱ्या फुलांनी भरतो, मोगऱ्यासारखा वास. मजुरांची पोरं त्या दिवसांत मळाभर हुंदडतात, आणि अव्वा त्यांना हाकलत नाहीत.

त्याच उताराच्या पलीकडचा मळा मात्र गेला. रिसॉर्ट झालं. डोंगर कापून सपाट केला, पोहण्याचा तलाव बांधला. तिथे कोण जातं? आपणच जातो. एका रात्रीला हजारो रुपये देताना कुणी म्हणत नाही, ताई, निम्म्यात करा. घासाघीस फक्त पाव किलो कॉफीवर. याचा मला संताप येतो, आणि तो मी लपवणार नाही.

मैत्रिणीला तो मेसेज मी दाखवला नाही. दाखवायची गरजच नाही, असं तिला दर हंगामात कुणी ना कुणी ऐकवतंच. परवा फोनवर म्हणाली, आता कच्च्या मालालाच भाव आहे, तर भाजणं, दळणं, पुड्या भरणं, कुरिअर, हे सगळं बंद करून माल सरळ एजंटला देऊन टाकावा. मग हिरवं-लाल कुणी बघणार नाही, सगळं एकाच पोत्यात जाईल. तिने तसं केलं तर मी तिला अडवणार नाही. यंदाची यादी मी रविवारी पाठवतेय. ज्यांना हवी त्यांनी पूर्ण भावाने नाव द्या.